डाव्या गालावरचा तीळ

११ मार्च

हात मोडो त्या क्रुनिचचा!

आज परत माझ्या हातातून खडू काढून घेतला आणि सगळ्यांसमोर माझ्या दगडावर चालवला. "बघा, सहकारी, खांद्याला वजन हवं." आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना तो सहकारी म्हणतो. डोंबलाचा सहकार. कागद असता तर खोडरबर फिरवलं असतं. लिथोच्या, छपाईच्या दगडावर तेलकट खडू एकदा टेकला की टेकला. मग ब्लेडने खरवडा, आणि खरवडलं की दगडाचा पोत जातो, छापताना तिथे टक्कल दिसतं. तीस वर्षं हेच शिकवतोय, त्याला माहीत नाही? पण प्रोफेसर ना! नाकाने कांदे सोलायचे, आणि आम्ही "धन्यवाद, प्रोफेसर" म्हणायचं.

मीही म्हटलं. धन्यवाद, प्रोफेसर. माझीच मला लाज वाटली.

काय करू, माझा हात त्याच्या दगडाखाली आहे. जूनमध्ये मास्टर्सची शेवटची तोंडी परीक्षा. मार्गदर्शक क्रुनिच, समितीतही क्रुनिच. दहापैकी दहा मिळाले तरच पुढच्या वर्षी विभागात साहाय्यक म्हणून राहता येईल. जागा एकच, आणि माझ्याच वर्गातला रेल्या तिच्यावर डोळा ठेवून बसलाय. मला दहाच्या खाली काही मिळालं की चंबूगबाळं आवरून गावी. गावी जाऊन करू काय? बाबाबरोबर कबरीच्या दगडांवर मेलेल्यांचे चेहरे ठोकत बसू?

१९ मार्च

आज आईला जाऊन नऊ महिने झाले.

बाबाला फोन केला. "जेवलीस का?" जेवले. "थंडी आहे का तिकडे?" आहे. झालं, संपलं बोलणं. शेवटी मीच विचारलं, आईचा चेहरा काढलास का? तर म्हणतो, "बघू. ग्रॅनाइट थंड असला की सुई सरकते."

ग्रॅनाइट थंड! आमच्या अख्ख्या स्रेम भागात कुणी मेलं की बाबाकडे ओळखपत्राचा फोटो येतो, आणि चाळीस दिवसांच्या आत काळ्या दगडावर हुबेहूब चेहरा तयार. हिऱ्याच्या टोकाची सुई, एकेक ठिपका. जानेवारीतही. डिसेंबरातही. गावातल्या मिल्कोचा बाप बर्फात गेला, त्याचा चेहरा एका आठवड्यात दिला याने. आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी दगड थंड!

आमचा दगड दहा वर्षांपूर्वीच उभा केलाय, दोघांचा जोडदगड, सगळे करतात तसा. डावीकडे बाबा, खाली जन्मसाल, एक रेघ आणि पुढे मोकळं. उजवीकडे आईची जागा. आईने तेव्हा साफ सांगितलं होतं, "मी जिवंत असेपर्यंत माझ्या तोंडावर ठोकाठोकी करायची नाही हं, मिलादिन." ते राहिलं ते राहिलंच. आता तिची दोन्ही सालं आहेत आणि वर काळंभोर कोरं. लोक कबरस्तानात जाता-येता बघतात. गेल्या खेपेला मावशी म्हणाली, "तुझ्या बापाला झालंय तरी काय?" मी काय सांगू? सुताराच्या घरची खाट नेहमीच मोडकी.

वर्षश्राद्धाला चेहरा नसला तर मी त्याच्याशी जन्मात बोलणार नाही. हे इथे लिहून ठेवतेय.

२४ मार्च

क्रुनिचला कुणीतरी सांगितलं माझा बाप काय करतो ते. रेल्यानेच सांगितलं असणार, तोंडाळ मेला.

साहेब खूश! "सहकारी, तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसून कोळसा उगाळताय! कबरीचे दगड! गाडीला टेकून उभे असलेले मृत, हातात राकिया दारूचा पेला! तो भडकपणा उचला, भिंतीवर लावा. काय विनोद आहे त्यात! काय कारुण्य!"

"त्यात विनोद काय आहे, प्रोफेसर?"

"तुम्हाला दिसत नाही?" आणि हसला.

नाही दिसत. कामेन्को ड्रायव्हर दगडावर गाडीला टेकून उभा आहे, कारण ती गाडी घ्यायला त्याने अकरा वर्षं ऑस्ट्रियात विटा उचलल्या. त्याच्या बायकोला तो तसाच हवा होता आणि बाबाने तसाच दिला. मी त्या धंद्याला नावं ठेवते. मी ठेवीन. माझ्या बापाला काय वाट्टेल ते मी बोलीन. या टायवाल्याला कुणी अधिकार दिला?

२ एप्रिल

मला 'बैल' मिळाला. आमच्या कलाशाळेतला सगळ्यात मोठा दगड, हलवायला चार माणसं लागतात म्हणून बैल. ४ जूनपर्यंत माझा, मग वाळू-पाणी घालून घासायचा, माझं चित्र पुसलं जाणार आणि त्यावर रेल्या काढणार. रेल्या आजच येऊन हात फिरवून गेला. "नीट वापर हं." आयत्या बिळावर नागोबा.

यावर आई काढणार. तिच्या आरोग्यकार्डावरचा फोटो आहे, समोरून, सरळ बघणारा. एवढा मोठा चेहरा की दारातून आत आलेल्याला दुसरं काही दिसू नये. बाबा नाही काढत ना, मग मी काढते. कुणीतरी काढायलाच हवा.

क्रुनिच म्हणाला, "आई? भावुक होईल." मी म्हटलं, होऊ दे.

दगडावर सगळं उलटं काढायचं, मग छापल्यावर कागदावर सुलटं येतं. आईच्या डाव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्याशी तीळ होता. दगडावर तो दुसऱ्या गालावर जाणार. बाजूला आरसा ठेवलाय, चित्र त्यातच बघते.

२६ एप्रिल

ओठ जमत नाहीत.

२९ एप्रिल

अजून नाहीत. फोटोत ती हसत नाहीये. मला ती न हसणारी कधी दिसलीच नाही. की मी बघितलं नाही? शेवटच्या वर्षात मी घरी किती वेळा गेले, ते मोजायला बसले होते, सोडून दिलं. क्रुनिचच काम लावून ठेवायचा, सुटी द्यायचा नाही. त्याच्यामुळेच.

५ मे

झालं. आज दुपारी शेवटचा खडू ठेवला. झिवोता काका आले. ते इथले छपाईवाले, चाळीस वर्षं प्रेस चालवतायत, आम्हाला खरं शिकवतात ते तेच. बराच वेळ आरशात बघत उभे राहिले. म्हणाले, "नेवेना, ही बाई आत्ता मला ओरडणार असं वाटतंय." एवढं चांगलं मला सहा वर्षांत कुणी बोललं नाही.

७ मे

आज मी ग्रंथालयात होते आणि नेमका बाबा आला. न कळवता! शहरात सुया घ्यायला आला होता म्हणे. दोन तास माझ्या दगडासमोर बसला आणि मी यायच्या आत निघूनही गेला. बसची वेळ झाली! दोन तास बसता येतं, आणखी अर्धा तास नाही येत. मुलीला भेटायचं कुणाला आहे?

खिडकीत ऐवारची, भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी आणि चीज भरलेली पिटा ठेवून गेला, नेमकी माझ्या छपाईच्या कागदांवर. वरच्या चार कागदांना तूप लागलं. झिवोता काका म्हणतात, "त्यांनी ब्लेड मागून घेतलं, पिटा कापायला असेल." पिटा काही कापलेली नव्हती. बाबाचं सगळं असंच, अर्धवट.

"चित्राबद्दल काही बोलला?" मी विचारलं.

"काही नाही. कॉफी दिली ती तशीच राहिली."

एक शब्द नाही. पाच आठवडे मान मोडून काढलं, आणि एक शब्द नाही.

८ मे

सकाळी सातला येऊन चित्र पक्कं करायला दगडावर पावडर, गोंद, आम्ल, सगळं एका दमात उरकलं. क्रुनिच नऊला येतो, त्याच्या आधी संपवायचं होतं. पुन्हा खडू घेऊन बसला असता, "गालाला वजन हवं." चित्राकडे नीट बघितलंसुद्धा नाही. डोकं कालपासूनच तापलंय.

११ मे

अक्षर बघ कसं आलंय.

पहिला कागद छापला. झिवोता काकांनी प्रेस फिरवली, मी कागद सोलून उचलला. आणि ती आई नव्हती. डोळे तिचे, ओठ तिचे, बाई कुणीतरी दुसरीच. आईची न जन्मलेली बहीण असावी तशी. मिनिटभर मला कळेना काय झालंय. मग दिसलं. तीळ. उजव्या गालावर!

दगडाजवळ धावले. मी काढलेला तीळ खरवडलाय. इतक्या सफाईने की भिंग लावल्याशिवाय कळू नये. आणि पलीकडच्या गालावर नवा काढलाय. मी हजार वेळा आरशात बघून काढलेला तीळ कुणीतरी हलवला! माझ्या आईच्या तोंडावर हात चालवला!

रेल्याला हे जमणार नाही, त्याचा हात फावड्यासारखा. हा तीळ रेघेने काढलेला नाही, बारीक ठिपक्यांनी भरलाय, शंभर-दीडशे ठिपके, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. ज्याने केलंय त्याला हात आहे. या इमारतीत ठिपक्यांवर नाव कमावलेला माणूस एकच. क्रुनिच!

झिवोता काका म्हणाले, "नेवेना, जरा ऐकतेस का, मला वाटतं त्या दिवशी..."

"काका, तुम्ही मध्ये पडू नका," म्हटलं. "तुमची नोकरी आहे इथे."

१२ मे

गेले. दार न ठोठावता क्रुनिचच्या खोलीत गेले. आत पहिल्या वर्षाची चार पोरं बसली होती, असू देत म्हटलं.

"माझ्या आईच्या तोंडाला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार?"

चष्मा काढला त्याने. "काय झालं, सहकारी?"

"सहकारी म्हणू नका मला! तुम्ही तीळ हलवलात. माझ्या पाठीमागे, चोरासारखं!"

आधी कळलंच नाही त्याला. मग कळलं, तेव्हा लाल झाला. म्हणाला, "तुमची चित्रं मी पुष्कळ बिघडवली असतील. पण दर वेळी तुमच्या तोंडावर."

वर हे! चोराच्या उलट्या बोंबा. मी म्हटलं, खोटारडे आहात तुम्ही. पोरांनी श्वास घेतलेला ऐकू आला.

बाहेर रेल्या उभा. "वेडी झालीस का? एका तिळासाठी? त्याला काय पडलंय तुझ्या आईचा तीळ कुठे आहे त्याचं?"

"तू गप बस. तुला जागा हवीय."

"हवीयच. पण तू वड्याचं तेल वांग्यावर काढतेयस, नेवेना. तू कुणावर चिडलीयस ते तुला तरी माहितीय का?"

माहितीय. क्रुनिचवर.

१८ मे

डीनकडे लेखी तक्रार दिली. दोन पानं. दगड पुरावा म्हणून तसाच ठेवला, वर जाड कागद, कागदावर माझी सही. कुणी हात लावायचा नाही. झिवोता काका दुरुस्त करून देतो म्हणाले, "गोंद धुऊन परत नवा तीळ काढता येईल, जमतं कधीकधी." मी म्हटलं, नाही. आधी न्याय.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत क्रुनिच मार्गदर्शक म्हणून राहणार की नाही ते ठरणार नाही. तो नाही राहिला तर या वर्षी परीक्षा नाही. ठीक आहे. नाही तर नाही. वाकणार नाही मी.



३० मे

पितरांचा शनिवार. गावी आलेय. सकाळी कबरस्तानात गेलो, मी आणि बाबा, टोपलीत उकडलेले गोड गहू, भाजलेली कोंबडी, आईला आवडायचे ते अक्रोडाचे रोल. सगळं गाव तिथे, आपापल्या दगडापाशी जेवण मांडून बसलेलं. मी येताना ठरवून आले होते, आज सगळ्यांसमोर विचारणार, कुठंय आईचा चेहरा?

आमच्या दगडावर उजवीकडे गोणपाट बांधलेलं.

"हे काय?"

"अर्धं झालंय," बाबा म्हणाला. गोणपाट थोडं वर केलं. डोळे होते. दोन्ही पुरे, भुवया, नाकाचा वरचा भाग. खाली पेन्सिलीच्या खुणा. आईचे डोळे, बाबाच्या हातचे. पुढे मी काय बोलणार होते ते विसरले.

मग तो घाटावर बसल्यासारखा शेजारच्या कठड्यावर बसला आणि विचारलं, "तुझं चित्र दाखवलंस का तिथे?"

"अजून नाही."

"चांगलंय ते. फार चांगलंय." मला ते ऐकायला तीन आठवडे लागले. मग टोपी हातात फिरवत म्हणतो, "एक होतं फक्त. तीळ तू दुसऱ्याच गालावर काढला होतास. मी नीट करून ठेवला. तुला बोललो नाही, म्हटलं वाईट वाटेल. दुःखात होतं असं माणसाचं, डावं-उजवं कळत नाही. प्रोफेसर लोक हसले असते तुला."



चौतीस वर्षं हा माणूस दगडावर चेहरे काढतोय. याच्या दगडावर डावं ते डावंच राहतं. दगडावरचं चित्र कागदावर उलटतं हे त्याला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. सहा वर्षं शिकतेय, मी काय करते ते त्याला एकदा तरी सांगितलं का?

तोंडाशी आलं होतं सगळं. माझी परीक्षा, तक्रार, क्रुनिच, "काय करून बसलास हे तू!" ओरडायला तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "वर्षभर सुई हातात धरली की हात मेल्यासारखा व्हायचा गं. बाकी सगळ्यांचे चेहरे काढले, तिचा येईना. तुझ्या दगडावर तो तेवढा तीळ काढला आणि हात सुटला. घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी तिचे डोळे कोरायला घेतले."

मी अक्रोडाचा रोल तोंडात कोंबला. काय करणार दुसरं? शेजारची स्लाव्का मावशी म्हणाली, "पोर रडतेय, मिलादिन, पाणी दे." रडत नव्हते. इतकी चिडले होते की घास गिळवेना.

२ जून

डीनच्या ऑफिसात एका ओळीचा अर्ज दिला. गैरसमजातून केलेली तक्रार मागे घेत आहे.

जिन्यात क्रुनिच भेटला. "गैरसमज? कसला?"

"सांगता येणार नाही."

"सहकारी, चार पोरांसमोर तुम्ही मला खोटारडा म्हणालात. पोरांनी ते अख्ख्या शाळेला सांगितलंय. आणि आता एक ओळ?" शांतपणे बोलत होता, ते जास्त लागलं. "मी मार्गदर्शक राहीन. पण परीक्षेत हे विचारीन. तयारी करून या."

तो बरोबर आहे. त्याचा तर जास्तच राग आला.

झिवोता काकांकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं."

"सांगायला आलो होतो. तू म्हणालीस मध्ये पडू नका." आणि रोलर पुसत राहिले.

४ जून

बैल आजचा दिवस माझा, उद्यापासून रेल्याचा. सकाळी भिंग आणि ब्लेड घेऊन बसले. बाबाचा तीळ खरवडायचा, गोंद धुऊन माझा तीळ परत काढायचा, छापायचं. तासाभराचं काम.

बारापर्यंत बसले. हात चालेना. उकडतंय फार, घामाने ब्लेड निसटतं. शिवाय दुरुस्ती फसली तर सगळा गालच जाईल, उगाच धोका कशाला? झिवोता काकांनी दोनदा विचारलं, "काढू मी?" मी खेकसले, "हात लावू नका!"

दीडशे ठिपके आहेत. मोजले. एकशे त्रेपन्न.

दुपारी आहे तसंच छापलं. नऊ प्रती. संध्याकाळी रेल्या वाळू घेऊन आला, तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले.

१३ जून

वर्षश्राद्ध झालं, आधीच्या शनिवारी करतात तसं. चेहरा पुरा झालाय. सगळे आईच्या चेहऱ्याकडे बघून बोलले, रुझित्सा आता मिलादिनला काहीतरी सुनावणार असं वाटतंय. बाबाने नवा काळा सूट घातला होता. म्हणाला, मंगळवारी तुझ्या परीक्षेलाही हाच घालून येतो. मी म्हटलं, नको येऊस, कंटाळवाणं असतं. "येतो," म्हणाला.

नको म्हटलं ना मी! त्याला कधी ऐकायचंच नसतं.

१७ जून

कालचं लिहितेय. काल हातात पेन धरवलं नाही.

हॉलमध्ये एका भिंतीवर माझ्या प्रती. टेबलाशी समिती: अध्यक्ष वुकोसावा बाई, क्रुनिच, आणि बाहेरून आलेले एक गृहस्थ, तोंडात गोळी चघळणारे. मागे दहाबारा माणसं. रेल्याला आदल्या दिवशी दहा मिळाले होते, तो खुर्चीत पाय पसरून. आणि बाबा आला, काळा सूट, हातात टोपी.

तो थेट भिंतीशी गेला. पहिल्या प्रतीसमोर उभा राहिला. मी टेबलाशी बोलत होते, दगड, खडू, आकार का एवढा मोठा, वगैरे. डोळा मात्र त्याच्याकडे. त्याने स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावलं. मग उजव्या. मग पुढच्या प्रतीकडे गेला. नवव्या प्रतीपर्यंत गेला आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

वुकोसावा बाई म्हणाल्या, "ताकदीचं काम आहे. चेहरा बघून मला माझ्या शिवणकामाच्या बाईंची भीती आठवली." सगळे हसले. चांगलं चाललं होतं.

मग क्रुनिच. "सहकारी, मेमध्ये तुम्ही लेखी आरोप केलात की मी या चित्रातला तीळ चुकीच्या गालावर हलवला. मग तक्रार मागे घेतलीत. तीळ मात्र तिथेच आहे, तुम्ही तो तसाच छापलाय. समितीला समजावून सांगा. तीळ कुणी हलवला?"

मागे बाबाची पाठ.

सांगितलं असतं तर? हसले असते. प्रेमाने हसले असते, हेच तर वाईट. गावचा कबर-दगडवाला आला आणि शाळेच्या दगडावर बायकोचा तीळ 'नीट' करून गेला! वर्षानुवर्षं पहिल्या वर्षाच्या पोरांना हा किस्सा ऐकवला असता. आणि तो तिथे उभा, नव्या सूटमध्ये.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "माझीच चूक. उलटं काढायचं विसरले, आणि आळ तुमच्यावर घेतला. माफ करा, प्रोफेसर."

"विसरलात?" वुकोसावा बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मास्टर्सला?"

"हो."

क्रुनिचचा विश्वास बसला नव्हता. पण मी तेवढंच सांगत राहिले.

वीस मिनिटं आम्हाला बाहेर काढलं. मग आत बोलावून वाचून दाखवलं. आठ. कौशल्याबद्दल नऊ, पण मूलभूत चूक, आणि सहकाऱ्यांशी वर्तन. रेल्या उठून जवळ आला, त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, त्याचाही राग आला. मी हस्तांदोलन केलं सगळ्यांशी. धन्यवाद, धन्यवाद, धन्यवाद.

बाहेर पायऱ्यांवर बाबा थांबला. "कागदावर उलटतं."

"हो."

"म्हणजे तू बरोबर काढला होतास."

मी दोन पायऱ्या उतरले.

"मला कबरस्तानात का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं, बाबा? चल, बस चुकेल."

"आणि आत सगळ्यांसमोर खोटं बोललीस. विसरले म्हणे! तू विसरलीस?" टोपी मुठीत धरली त्याने. "त्या आठमुळे जागा गेली का?"

"जाऊ दे ना."

तो वळला. मी सूट धरला, सोडवून घेतला त्याने. थेट आत, समिती सह्या करत बसली होती तिथे. टोपी छातीशी धरून उभा राहिला. "तीळ मी हलवला. पोरगी खोटं बोलली माझ्यासाठी. माझ्या दगडावर उलटत नाही, मला ठाऊक नव्हतं. शिक्षा मला करा."

बाहेरचे गृहस्थ गोळी चघळायचे थांबले. वुकोसावा बाई उठल्या, त्यांनी बाबाला खुर्ची दिली, तो बसला नाही. म्हणाल्या, "महाशय, फार वाईट वाटतंय, पण गुण नोंदले गेले, सह्या झाल्या. आता बदलता येत नाहीत."

आणि क्रुनिच उजळला! खरंच, दिवा लागल्यासारखा. "सहकारी, हे का नाही सांगितलंत? हे तर अद्भुत आहे! हा मजकूर चित्राशेजारी भिंतीवर हवा होता! याला तर दहासुद्धा..."

"म्हणजे," बाबा म्हणाला, "चित्र हेच, आणि शेजारी माझा मूर्खपणा लिहिला असता तर दहा?"

क्रुनिचने टाय सरळ केला.

"आणि नुसतं हिला आठ?" बाबाने हात भिंतीकडे केला. आवाज चढला. माझ्या बापाचा आवाज मी उभ्या जन्मात चढलेला ऐकला नव्हता, आई गेली त्या दिवशीही नाही. "आठ? दहापैकी? कुणाला आठ? रुझित्साला? एकतीस वर्षं मी हे तोंड बघितलंय! सकाळी बघितलंय, रात्री बघितलंय, दवाखान्यात बघितलंय! माझ्या पोरीने ती उभी केलीय तिथे, जशीच्या तशी, आणि तुम्ही, तुम्ही बसून तिला आठ देता? तुमच्या आईला आठ द्या!"

रेल्या दारात आला. जिन्यातून लोक गोळा झाले. बाबा ओरडतच होता, टोपी खाली पडली, मग रडत ओरडत होता, वर्षभराचं सगळं, मला अर्धं कळलंही नाही. कुणी त्याला गप्प करायला पुढे झालं नाही.

मीही नाही झाले. मी त्याची बाही धरून शेजारी उभी राहिले, आणि म्हटलं, "ओरड, बाबा."